केरबा कायम झाला

एका गावात एक विद्यापीठ होतं, आणि त्या विद्यापीठात एक भोळा केरबा होता. शहाणी माणसं तिथं पोत्यानं होती. भोळा हा एकटाच. त्यामुळं कुणी हाक मारली की लगेच सापडायचा.

केरबा तिशीला टेकलेला. अंगानं पैलवान, मनानं वासरू. टपाल वाटायचा, पंखे बंद करायचा, सांगाल ते काम करायचा. पण नोकरी कच्ची होती. सगळी अडचण तिथंच होती. शेजारच्या गावच्या म्हादबा मामांची शालन त्याला पसंत होती. शालनला पण हाच पसंत होता. आता तिला का पसंत होता ते मला विचारू नका, पोरींच्या पसंतीचा कधी कुणाला पत्ता लागलाय? पण म्हादबा मामांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पोरगं चांगलंय. पण मला जावई कायमच्या नोकरीचा पाहिजे. कायम झालास की दुसऱ्या दिवशी हळद. तोवर आमच्या अंगणात पाय टाकायचा न्हाई."

केरबानं शब्द पाळला. तो रोज सायकलवरून यायचा आणि अंगणात गोल गोल फिरायचा. फिरता फिरता शालनशी बोलायचा. पाय खाली टेकायचाच नाही. म्हादबा मामा ओसरीवर बसून बघायचे. काय बोलणार? पाय कुठं टाकला होता त्यानं?

तर त्या विद्यापीठाचे सगळ्यात मोठे साहेब, म्हणजे कुलगुरू, होते देवडीकर साहेब. त्यांना पी.ए. लाभत नव्हता. पहिला पी.ए. हुशार होता, साहेबांनी तोंड उघडायच्या आधीच त्यांचं वाक्य पुरं करायचा. दुसरा त्याहून हुशार, तो साहेबांचं वाक्य दुरुस्त करायचा. साहेब वैतागले. त्यांनी टेंबेकरांना बोलावलं. टेंबेकर म्हणजे कुलसचिव, दुसऱ्या नंबरचे साहेब. दुसऱ्या नंबरच्या खुर्चीत बसून ते पहिल्या नंबरच्या खुर्चीकडं असे बघायचे, जसं मांजर शिंक्याकडं बघतं.

"टेंबेकर, मला डोकं चालवणारा माणूस नको. सांगेन तेवढंच करणारा द्या."

"अगदी तेवढंच?"

"अगदी तेवढंच."

टेंबेकरांनी केरबाला धाडून दिलं. मग आपल्या खोलीत गेले, दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले.

देवडीकर साहेबांनी केरबाला वरून खालपर्यंत बघितलं. "केरबा, पदवीदान समारंभापर्यंत नीट काम कर. त्या दिवशी संध्याकाळी तुला कायम करून टाकतो."

"व्हय साहेब," केरबा म्हणला. आणि त्या दिवशी अंगणात सायकलच्या दोन फेऱ्या जास्त मारल्या.

आता कुलगुरूंचं काम काय असतं? तुम्हाला वाटेल शिकवणं. छ्या! कुलगुरूंचं काम सत्कार घेणं. आज या कॉलेजात, उद्या त्या कॉलेजात. गेलं की खांद्यावर शाल, हातात नारळ, वर फुलांचा गुच्छ. सगळे दात दाखवून फोटो काढतात आणि जेवायला पळतात.

पहिल्याच दिवशी भर मे महिन्यात सत्कार होता. कॉलेजानं घातली एक शाल, सोसायटीनं घातली दुसरी, माजी विद्यार्थ्यांनी तिसरी. साहेब आतल्या आत उकडून निघाले, भरताच्या वांग्यासारखे. केरबा मागं उभा. हात बांधून. साहेबांनी डोळ्यानं खुणावलं. केरबानं पण डोळ्यानं खुणावलं. गाडीत बसल्यावर साहेब कडाडले.

"अरे दगडा! खांद्यावर काही घातलं की मी ते फोटोपुरतं ठेवतो. फोटो निघाला, की मागून यायचं, हळूच काढून घ्यायचं, ऑफिसात नेऊन कपाटात ठेवायचं. कळलं?"

"कळलं साहेब. फोटो निघाला की काढायचं, कपाटात ठेवायचं."

"शाबास."

पुढच्या आठवड्यात इतिहास शिकवणाऱ्या सबनीसबाईंच्या नातवाचं बारसं होतं, ऑफिसला लागूनच असलेल्या त्यांच्या घरी. साहेबांना मानाचं बोलावणं. पेढे झाले, पाळणा झाला. सबनीसबाई म्हणल्या, "सर, बाळाला जरा खांद्यावर घ्या ना! कुलगुरूंच्या खांद्यावर बसला म्हणून मोठेपणी सांगेल."

साहेबांनी बाळ खांद्यावर घेतलं. फोटो निघाला.

केरबा मागून आला. हळूच बाळ काढून घेतलं. साहेबांना वाटलं, आईकडं दिलं असेल. आईला वाटलं, आजीकडं असेल. आजी घुगऱ्या वाटत होती.

थोड्या वेळानं पाळणा हलवायला गेले तर आत नुसती दुपटी! मग काय विचारता. एक बाई पलंगाखाली, एक बाई गच्चीवर, बाळाची आत्या रडून रडून नाव विसरली, आणि नाव तिनंच ठेवलेलं! साहेब घामाघूम. त्यांनी इकडं तिकडं बघितलं. केरबा दारात उभा, रिकाम्या हातानं, समाधानी तोंडानं.

"केरबा, बाळ कुठंय?"

"जागेवर हाय साहेब."

"कुठल्या जागेवर?"

"कपाटात."

सगळं बारसं ऑफिसकडं पळालं. कपाटाचं दार सताड उघडं होतं, तेवढं बरं. आत मऊमऊ शालींच्या ढिगावर बाळ गाढ झोपलं होतं. शेजारी दोन नारळ. इतकी छान झोप त्याला घरी कधी लागली नव्हती म्हणे. पण सबनीसबाई पुढं महिनाभर साहेबांशी बोलल्या नाहीत.

साहेबांनी केरबाला समोर उभं केलं. "अरे बैला! दुसऱ्याची वस्तू अशी कपाटात डांबतात का? जे आपलं नाही ते ज्याचं त्याला परत करायचं. घरी जाऊन, हात जोडून, माफी मागून! कळलं?"

"कळलं साहेब. ज्याचं त्याला परत."

"आणि पुन्हा असं केलंस तर कायम बियम विसर."

केरबा घाबरला. त्यानं कपाट उघडलं. आत केवढ्या शाली! आणि एकही साहेबांनी विकत घेतलेली नाही. सगळ्या दुसऱ्यांच्या! केवढी ही चोरी! त्यानं गाडीवाल्याला बोलावलं, शाली भरल्या आणि गावोगाव निघाला.

सगळ्यात भारी शाल होती तात्यासाहेबांची. तात्यासाहेब म्हणजे डझनभर कॉलेजांचे मालक. मिशा अशा, की त्यांच्यावर लिंबू ठेवावं. केरबा त्यांच्या वाड्यावर गेला, शाल पायाशी ठेवली, हात जोडले.

"तात्यासाहेब, आमच्या साहेबांची चूक झाली. तुमची शाल घेतली. माफ करा."

तात्यासाहेबांची एक मिशी वर गेली. "शाल परत? माझी? आणि नारळ?"

"नारळाच्या तर साहेबांच्या घरी बाईसाहेबांनी वड्या केल्या व्हत्या. त्या आणल्यात की." केरबानं डबा पुढं केला. "दोन कमी हाईत. त्या साहेबांनी खाल्ल्या. त्याची पण माफी मागतो."

दुसरी मिशी पण वर गेली.

संध्याकाळपर्यंत साहेबांचा फोन तापून लाल. जिल्ह्यातली सगळी सत्कार करणारी मंडळी रुसली. आणि घरी बाईसाहेब वड्यांसाठी रुसल्या, ते वेगळंच.

"अरे शहाण्या!" साहेबांनी कपाळावर हात मारला. "ह्या शाली म्हणजे मान होता. मान कुणी परत करतं का? मान वाढवून द्यायचा असतो. समोरच्यानं एक दिला, तर आपण दोन द्यायचे. हसतमुखानं, मोठ्या मनानं! लोक खूश होतात. कळलं?"

"कळलं साहेब. त्यांनी एक दिला, आपण दोन द्यायचे."

"हो. आणि केरबा, पदवीदान जवळ आलंय. जरा जपून."

केरबा जपून राहिला. कुणी एक नमस्कार केला की हा दोन करायचा. कुणी एक कप चहा पाजला की हा दोन पाजायचा. सगळं कसं छान चाललं होतं. साहेब पण म्हणले, सुधारला बरं का गडी.

तेवढ्यात पोरांचा मोर्चा आला.

वसतिगृहातल्या डाळीत डाळ सापडत नव्हती म्हणून मोर्चा. पाचपन्नास पोरं, पुढं एक उंच पोरगी, तिचं नाव जयू. हातात वाटी, वाटीत ती डाळ. पेपरवाले पण आले. साहेब खिडकीच्या पडद्याआड उभे राहिले आणि केरबाला म्हणले, "जा, बाहेर जाऊन त्यांना शांत कर."

केरबा पायरीवर आला. जयूनं मूठ उगारली.

"कुलगुरू, मुर्दाबाद!"

केरबानं ऐकलं. एक दिला होता. तो हसला. मोठ्या मनानं. मग पैलवानी छाती भरून घेतली.

"कुलगुरू, मुर्दाबाद! कुलगुरू, मुर्दाबाद!"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. असं कधी झालं नव्हतं. जयूनं डोळे बारीक केले, तिला वाटलं चेष्टा करतोय. तिनं पुन्हा ओरडून बघितलं. केरबानं पुन्हा दोन दिले. मग पोरांना चेवच आला. ती दहा देतात तर हा वीस देतो! घसा बसला गड्याचा, पण मागं हटला नाही. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या आवारातून नाचवलं. जयूनं त्याला ती डाळ पाजली. लोक खूश होतात, साहेब खरंच म्हणले होते.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. खाली लिहिलेलं: कुलगुरूंचा पी.ए. मोर्चाच्या अग्रभागी.

साहेबांनी पेपरची घडी करून टेबलावर ठेवली. मग अगदी हळू आवाजात बोलले. मोठा माणूस हळू बोलायला लागला की समजायचं, आता काही खरं नाही.

"केरबा. नीट ऐक. गर्दी जमली आणि लोक ओरडायला लागले, की तू तोंड उघडायचं नाहीस. फक्त मला उचलायचं. मागच्या दारानं काढायचं. गाडीत घालायचं, घरी न्यायचं, दार लावून दारात उभं राहायचं. कोण आलं तर म्हणायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"आणि साहेब, तुम्ही नको म्हणलात तर?"

"मी काहीही म्हटलं तरी!"

"कळलं साहेब. लोक ओरडले की उचलायचं."

"ही शेवटची संधी. चुकलास, तर कायम तर नाहीच, उद्यापासून येऊ पण नकोस."

केरबा त्या दिवशी अंगणात गेला तर सायकल पण हळूहळू चालत होती. शालन म्हणली, "काय झालं ओ? घसा का बसलाय?"

"साहेबांना मान देऊन देऊन बसला."

"आणि कायमचं?"

"पदवीदानाला. पण आता चुकलो तर संपलं बघ."

शालननं त्याच्याकडं बघितलं. "मग साहेब काय सांगतील तेवढंच करा. इकडं न्हाई, तिकडं न्हाई."

बघा, पोरगी हुशार, पण सल्ला काय दिला!

पदवीदानाचा दिवस उजाडला. मोठा मांडव. पोरापोरींच्या अंगात काळे झगे, देवडीकर साहेबांच्या अंगात लाल झगा. आणि मुख्य पाहुणे कोण? कुलपती! कुलगुरूंच्याही वरचे ते. एरवी दिसत नाहीत, पदव्या वाटायला तेवढे येतात. देवडीकर साहेबांची पाच वर्षं संपत आली होती. आणखी पाच वर्षं खुर्ची मिळावी म्हणून साहेब कुलपतींच्या तोंडाकडं बघत बसले होते. शेजारी टेंबेकर. त्यांच्याही मनात तेच. केरबा मागं उभा, आणि त्याचं सगळं लक्ष गर्दीवर.

कुलपती भाषणाला उठले. म्हणले, "एक आनंदाची गोष्ट सांगतो. देवडीकरांनी फार छान काम केलं. पुढची पाच वर्षंही तेच तुमचे कुलगुरू. देवडीकर, या पुढं!"

मांडवात हा टाळ्यांचा कडकडाट! शिट्ट्या! पोरं बाकांवर चढून ओरडायला लागली.

लोक ओरडले.

केरबानं एका झेपेत साहेबांना उचललं, लाल झग्यासकट खांद्यावर टाकलं, आणि मागच्या दारानं पसार.

"अरे सोड! अरे टाळ्या आहेत त्या!" साहेब खांद्यावरून ओरडत होते.

"तुम्ही काहीही म्हणला तरी, साहेब."

इकडं कुलपती शाल हातात घेऊन वळले. खुर्ची रिकामी. खुर्चीखाली एक बूट.

"देवडीकर कुठं गेले?"

कुणालाच माहीत नाही. कुलपतींनी आपला माणूस गाडीनं साहेबांच्या बंगल्यावर पिटाळला. दारात केरबा.

"कुलपती बोलावतायत! कुलगुरूंना पाठव!"

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"मीटिंग? कुणाबरोबर?"

आतून साहेब दार बडवत होते आणि बाईसाहेब विचारत होत्या की एक बूट कुठं टाकला. केरबानं कान देऊन ऐकलं. "बाईसाहेबांबरोबर."

माणूस परत गेला, त्यानं जसंच्या तसं सांगितलं. कुलपती भडकले. "मी इथं उभा आणि ते घरी मीटिंग करतायत? ही खुर्ची ज्याला नको त्याला मी का देऊ? इथं दुसरं कोण आहे?"

टेंबेकर उठून उभेच होते. "मी आहे, साहेब."

"तुम्ही मधेच कुठं जाणार नाही ना?"

"मुळीच नाही. मी हललेलोच नाही."

"मग तुम्हीच व्हा कुलगुरू." आणि शाल टेंबेकरांच्या खांद्यावर.

देवडीकर साहेबांनी दुसऱ्या दिवशी सामान आवरलं. जाताना केरबाकडं बघितलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. बोललं की हा ते करील, एवढं शहाणपण एव्हाना आलं होतं त्यांना.

केरबा पिशवी घेऊन घरी निघाला. गेली नोकरी, गेली शालन. तेवढ्यात नवीन साहेबांनी बोलावलं. टेंबेकर मोठ्या खुर्चीत गोल गोल फिरत होते.

"केरबा, कुठं निघालास? अरे, तुझ्यासारखा माणूस विद्यापीठाला कायमचाच हवा. हा घे हुकूम. झालास कायम."

केरबाच्या डोळ्यात पाणी. "साहेब, मग आधीच्या साहेबांनी शिकवलेलं इसरून जाऊ?"

टेंबेकर मनातल्या मनात हसले. ज्या शिकवणीनं खुर्ची मिळाली, ती वाईट कशी म्हणायची? "काही विसरायचं नाही. होतास तसाच राहा."

आता सांगा, भोळा कोण?

त्या दिवशी केरबा अंगणात सायकलवरून उतरला. दोन्ही पाय जमिनीवर. म्हादबा मामांनी हुकूम उलटा सुलटा करून बघितला आणि हळद दळायला टाकली.

लग्नाला अख्खं गाव. नवरीला हिरवा शालू, नवऱ्याला फेटा. पहिल्या रांगेत, मोठ्या खुर्चीत, मुख्य पाहुणे टेंबेकर साहेब, जिलेबीच्या वासाकडं नाक करून बसलेले. मंगलाष्टकं झाली, भटजींनी शेवटचं "सावधान!" म्हणलं. अंतरपाट खाली आला. शालननं लाजत हार उचलला. गावानं अक्षता उधळल्या. बँड फुटला, फटाके फुटले, पोरं किंचाळली.

लोक ओरडले.

शालननं हार टाकला तो नुसत्या वाऱ्यात. समोर नवरा नाही. पहिल्या रांगेत साहेब नाहीत. मांडवाची मागची कनात तेवढी हलत होती, आणि फुलांनी सजवलेली नवरानवरीची गाडी धूळ उडवत निघाली होती. मागच्या काचेतून टेंबेकर साहेबांचे पाय दिसत होते.

"पोरगा पळाला!" कुणीतरी बोंबललं.

"पळाला न्हाई," शालन दात आवळून म्हणली. "कामावर गेला. ट्रॅक्टर काढा."

शालूचा काष्टा मारून, दोन्ही हार मनगटात अडकवून ती ट्रॅक्टरवर चढली. मागं ट्रॉलीत म्हादबा मामा, भटजी, बँडवाले, अर्धं गाव. थेट साहेबांच्या बंगल्यावर. दारात केरबा, फेटा तसाच, हात मागं बांधून.

"व्हा बाजूला," शालन म्हणली.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत."

"मला साहेब नकोत!"

"मग काय काम हाय?"

शालननं एक मोठा श्वास घेतला. "लगीन."

केरबानं खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. "चिठ्ठीवर नाव लिहून द्या. साहेबांना विचारून सांगतो."

आतून टेंबेकर साहेब ओरडत होते, "अरे करून टाक! करून टाक बाबा!"

शालननं चिठ्ठी घेतली नाही. तिनं हार उचलला आणि त्याच्या गळ्यात घातला, असा आवळून की आता हा हलायचा नाही. दुसरा हार त्याच्या हातात कोंबून, तोच हात धरून आपल्या गळ्यात घालून घेतला. भटजींनी ट्रॉलीतूनच दोन ओळी म्हणल्या. लागलं एकदाचं लग्न! म्हादबा मामांनी डोळे पुसले. आणि आनंदानं सगळं वऱ्हाड एका दमात ओरडलं.

लोक ओरडले.

दार धाडकन उघडलं, केरबा आत. टेंबेकर साहेबांची किंकाळी आली. मग मागच्या दाराचा आवाज. मग गाडीचा.

धूळ खाली बसली. अंगणात नुसती नवरी.

"पोरी," म्हादबा मामा चाचरत म्हणले, "जावई..."

शालननं गळ्यातला हार नीट केला. "आबा, तुम्हाला कायमची नोकरी पाहिजे होती न्हवं? ती बघा चालली. मागच्या दारानं."